पाय टेकेल ती गाडी

माझ्या पायाची आतली उंची, म्हणजे टाचेपासून मांड्यांच्या सांध्यापर्यंतची, ७० सेंटिमीटर आहे. हा आकडा मला वयाच्या ३९ व्या वर्षी कळला. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, दोन पायांमध्ये तिसरीचं गणिताचं पुस्तक घट्ट वर धरलं आणि मुलीने शिंप्याच्या टेपने मोजलं. त्याआधी तीन महिने मी मोटारसायकल शोधत होते. तोवर सीसी, अॅव्हरेज, ऑन-रोड किंमत, महिन्याचा हप्ता हे सगळं पाठ झालं होतं. हा एक आकडा मात्र कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर साताऱ्यात, शाळा जावळी तालुक्यात, केळघरच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. मेढ्यापर्यंत एसटीची अडचण नसते. पुढे वाडीकडे सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक. संध्याकाळची चुकली की वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, नाहीतर दुधाची गाडी, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून मेढा गाठायचं. बदली झाल्यावरचं पहिलं वर्ष मी असंच काढलं. जुलैत एकदा पावणेसातपर्यंत वाडीच्या फाट्यावर छत्री धरून एकटी उभी होते, तेव्हा ठरवलं की आपली गाडी हवी.

स्कूटर मला येत होती. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत बारा वर्षं चालवली होती. तीच घेऊन उन्हाळ्यात दोनदा शाळेला गेले. मेढ्यापर्यंत, अगदी केळघरपर्यंत काही वाटलं नाही. शेवटचे चार किलोमीटर मात्र मुरूम आणि सुटी खडी. स्कूटरचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. जमिनीपासून इंजिनाची उंची म्हणाल तर स्कूटर आणि साधी मोटारसायकल यांत फारसा फरक नसतो, सगळा फरक चाकाचा. साध्या शंभर सीसीच्या गाडीला १८ इंची चाकं असतात. त्या रस्त्यावर मला तीच हवी होती.

घरात विषय काढला आणि प्रत्येकाकडे एकेक गाडी तयार होती. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, घ्यायचीच तर बुलेट घ्या, रस्त्यात माणसं वाट देतात." मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, अॅव्हरेज बघा, रोजचं अंतर मोठं आहे." भाची म्हणाली, "मावशी, अॅव्हेंजर घे, तिची सीट सगळ्यात खाली असते." हे सगळं माझ्याच भल्यासाठी होतं. पण ते आपापल्या पायांनी आणि आपापल्या रस्त्याने विचार करत होते.

एका शोरूमला आम्ही दोघं गेलो. तिथला मुलगा पहिली दहा मिनिटं माझ्या नवऱ्याशीच बोलला. गाडी मला हवी आहे असं सांगितल्यावर त्याने हात करून स्कूटरची बाजू दाखवली. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पगार माझा, रस्ता माझा, आणि प्रश्न दुसऱ्याला. शेवटी त्याने एका गाडीवर बसू दिलं. गाडी मेन स्टँडवर होती. मी चढले, पाय लोंबकळत राहिले, आणि ही गाडी आपल्याला जमणार नाही असं समजून उतरले. मेन स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं, त्यामुळे सीट आहे त्यापेक्षा उंच लागते, आणि उलट गाडी हलत नसल्यामुळे तिचं वजनही कळत नाही. स्टँडवरून खाली घ्या म्हणावं, एवढंही तेव्हा ठाऊक नव्हतं. चालवून बघू का विचारलं तर गिअरच्या गाडीचं लायसन्स लागेल म्हणाले. ते मात्र त्यांचं बरोबर होतं. माझं लायसन्स विनागिअरचं होतं.

त्या रविवारी माहेरी गेले. अप्पा, माझे वडील, ७२ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घ्यायची कुठली ते नंतर बघू. आधी शीक. चालवल्याशिवाय तुला कुठली हवी ते कळणार कसं?" पडवीत त्यांची २००३ ची स्प्लेंडर उभी होती. टाकीवर अजून हिरो होंडा अशी जुनी अक्षरं. ती त्यांनी पुसून बाहेर काढली.

लर्निंग लायसन्स घरी बसून निघालं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर आधारवरून ओळख पटवली, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहिला, संगणकावरची परीक्षा दिली. आधीचं विनागिअरचं असलं तरी गिअरसाठी वेगळं लर्निंग काढावंच लागतं. गिअरची गाडी विनागिअरच्या लायसन्सवर चालवणाऱ्या कितीतरी बायका आणि मुली मी पाहते. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहील, हे त्यांना कुणी सांगतच नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गाडीला पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणाला बसवायचं नाही. म्हणून रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या मागे अप्पा बसले.

पण रस्ता फार नंतर आला. पहिल्या दिवशी अप्पांनी गाडी सुरूच करू दिली नाही. गोडोलीच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानात सकाळी सहाला मी बंद गाडी ढकलत चार फेऱ्या मारल्या. डावीकडे उभं राहून, उजवीकडे उभं राहून. मग मेन स्टँडला लावायची. स्टँडवर पायाने पूर्ण वजन द्यायचं आणि हाताने फक्त दिशा द्यायची, ओढायचं नाही. आठ-दहा वेळा चुकल्यावर ती एकदाची टुणकन चढली. शेवटी त्यांनी गाडी गवतावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "उचल."

ती युक्ती लिहून ठेवण्यासारखी आहे. गाडीकडे तोंड करून वाकून ओढलं तर कंबर जाते. गाडी गिअरमध्ये असावी, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबर सीटच्या कडेला टेकवायची, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि बारीक पावलं टाकत पायांच्या जोरावर मागे मागे उभं राहायचं. शंभरावर किलोची गाडी मी दुसऱ्या प्रयत्नात उभी केली. अप्पा लांब उभे होते, मदतीला आले नाहीत. घाटात पडली तर कोण येणार आहे, असं त्यांनी नंतर विचारलं.

त्या दिवसापासून माझ्या वहीत सीसीच्या आधी वजनाचा रकाना आला.

क्लच दोन दिवसांत कळला. सपाट मैदानावर एक्सिलरेटर न देता, नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी चालण्याच्या वेगाने पुढे जाऊ द्यायची. जिथे इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे ओढ घेते, ती जागा बोटांना ओळखायला शिकवायची. अप्पा त्याला 'चावा' म्हणायचे. चढावर मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबून ठेवायचा, चावा आला की ब्रेक सोडायचा. गाडी तसूभरही मागे जात नाही. हे केळघरच्या वळणांवर रोज लागतं.

अवघड गेलं ते वेगळंच. स्कूटरला डाव्या हातात ब्रेक असतो. बारा वर्षं माझ्या डाव्या हाताने एकच काम केलं होतं, दचकलं की आवळायचं. तिसऱ्या दिवशी मैदानात एक कुत्रं आडवं आलं आणि मी सवयीने डावा हात आवळला. मोटारसायकलला तिथे क्लच असतो. ब्रेक लागायच्या ऐवजी गाडी इंजिनापासून सुटली आणि तशीच घरंगळत पुढे गेली. कुत्रं वाचलं, मी कुंपणाच्या बाभळीपर्यंत पोचले. वेग कमी होता म्हणून निभावलं. पुढचा आठवडा अप्पांनी फक्त थांबायचं शिकवलं. ते अचानक "थांब" म्हणायचे आणि मी उजवा हात, उजवा पाय एकत्र वापरायचा, क्लच सगळ्यात शेवटी. स्कूटरवरून मोटारसायकलवर येणाऱ्याने माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. गिअर आपोआप जमतात, हाताची जुनी सवय आपोआप जात नाही.

पाय टेकण्याचा प्रश्न मैदानात आला नव्हता, तो रस्त्यावर आला. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, म्हणजे माझ्या पायापेक्षा साडेआठ सेंटिमीटरने वर. बसल्यावर शॉकअप थोडे दबतात, बुटाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर देतो, सीट पुढे निमुळती आहे. तरी दोन्ही बाजूंना माझे फक्त चवडे टेकत. मी घाबरून दोन्ही पाय सोडायचे आणि गाडी डोलायची. अप्पा म्हणाले, "दोन पाय कशाला? उजवा ब्रेकवर ठेव. डावीकडे जरा सरक, एकच पाय पूर्ण टेक." खरंच, कंबर दोन बोटं डावीकडे सरकवली की डावा पाय टाचेपर्यंत टेकतो. पाच फूट उंचीच्या माणसाला मोटारसायकल चालत नाही हा समज माझ्यापुरता तिथे संपला.

मात्र त्यातही एक खोच आहे. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. अगदी डाव्या कडेला थांबलं तर डाव्या पायाखाली जमीन आणखी खाली गेलेली असते. मोळाच्या ओढ्याजवळ एकदा मी अशीच कडेला थांबले, पाय टाकला तो अधांतरी. गाडी हळूच डावीकडे कलली आणि झोपली. अप्पा मागून उडी मारून उतरले होते. तेव्हापासून थांबायची जागा मी आधी नजरेने निवडते, उतार कुठे आहे, खडी कुठे आहे, आणि कडेपासून हातभर आत थांबते.

साधारण महिन्याभरात मला प्रश्न विचारता येऊ लागले. मग मी इतर गाड्या पाहिल्या, या वेळी स्टँडवरून खाली घेऊन. दिरांच्या मित्राकडे हंटर ३५० होती. सीट ७९०, म्हणजे स्प्लेंडरहून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर. वजन १८१ किलो. सपाटीवर बसून मला ती आवडली, भक्कम वाटली. पण त्यांच्या अंगणातल्या उतारावर साइड स्टँडवरून सरळ करायला गेले आणि ती हललीच नाही. वाडीतल्या शाळेचं आवार तर सगळंच उताराचं. भाचीने सांगितलेल्या अॅव्हेंजरची सीट ७३७, दोन्ही पाय जवळजवळ पूर्ण टेकले, इतका आनंद झाला! पण बुटक्या माणसाला फक्त सीट खाली असून भागत नाही. हँडल मागे घेतलेलं, पाय पुढे पसरलेले, आणि एकदम आखूड वळण घेताना हँडलचं बाहेरचं टोक माझ्या हातातून निसटू बघत होतं. मोकळ्या महामार्गावर ती मला आवडली असती. माझ्या वाटेवर आखूड वळणंच जास्त.

निर्णय पक्का झाला तो शाळेच्या मैदानात. आमच्या गुरुजींची दीडशे सीसीची गाडी होती. "बाई, घ्या एक चक्कर," म्हणाले. अप्पांच्या स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडतात. पुढे दाबलं की वरचा, मागे टाचेने दाबलं की खालचा. गुरुजींच्या गाडीला पहिला पुढे दाबून आणि बाकीचे चार उलटे. मला त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. तरी दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेतल्यावर माझा पाय सवयीने पुढे दाबला गेला. तिसऱ्याऐवजी पहिला पडला. इंजिन किंचाळलं, मागचं चाक फरफटलं, मुलं ओरडली. मी पडले नाही. पण हात अर्धा तास कापत होते. आधीच एक सवय मोडायला मला आठवडे लागले होते. पायाची शिकलेली सवय परत मोडायची, तीही घाटात आणि पावसात, याला माझी तयारी नव्हती.

म्हणून मी अप्पांच्या गाडीसारखीच गाडी घ्यायची ठरवली. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. दीर थोडे नाराज झाले. ती गल्लोगल्ली दिसते, खरं आहे. केळघरच्या बाजारात तिचा क्लच वायर मिळतो आणि मेढ्यातला प्रत्येक मिस्त्री ती उघडू शकतो, हेही खरं आहे. मला एकच खंत होती ती पुढच्या डिस्क ब्रेकची. माझ्या बजेटमध्ये ड्रमचीच बसत होती. एकशे पंचवीस सीसीच्या आतल्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून निदान जोड-ब्रेक तरी सक्तीचा आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्याला त्याचा आधार वाटतो. पण पैशाची सोय असती तर मी डिस्कची घेतली असती, आणि जिला जमेल तिने ती घ्यावी.

नवी ऑन-रोड नव्वद हजारांच्या वर जात होती. शिकाऊ हाताने दोन-तीनदा तरी गाडी पडणार हे आम्ही धरून चाललो होतो, म्हणून जुनी बघायला लागलो. अप्पांसोबत गाडी बघायला जाणं हे एक शिक्षणच होतं. ते सकाळी लवकर जायचे आणि आधी इंजिनावर हात ठेवायचे. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलेली; इंजिन थंड असताना सुरू व्हायला त्रास देते का ते कळत नाही. मग सायलेन्सरमागे उभं राहून धूर बघायचा, निळसर असला तर ऑइल जळतंय. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवायची, कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग, ढिला असेल तर हाताला टकटक लागते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. मीटर कमी आणि टायर नंतरच्या वर्षाचे असतील तर प्रश्न विचारायचा.

पहिली गाडी चकचकीत होती, पण फूटरेस्ट आणि ब्रेकच्या दांडीचं टोक घासलेलं होतं आणि हँडल सरळ धरलं की चाक किंचित तिरकं. अप्पा चहा न घेता उठले. दुसरी चांगली होती, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटलंय म्हणाले, पण बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात नव्हता. तो नसेल तर गाडी नावावर होत नाही. तिसरी मेढ्याजवळ एका शेतकऱ्याची, २०२१ ची, बीएस-६, १९ हजार किलोमीटर चाललेली. टाकीवर वैरणीच्या दोरीचे ओरखडे, बाकी गाडी ठणठणीत. चेन पूर्ण झाकलेली होती, ते मला हवंच होतं, कारण मी पंजाबी ड्रेस घालते. ओढणी मात्र तरीही अंगाशी बांधूनच बसते. चेन झाकली तरी मागचं चाक उघडंच असतं.

५२ हजारांत ठरलं. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघितला, थकीत ई-चलान नाही हे बघितलं. नव्या दुचाकीसोबत थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे तो २०२६ पर्यंत होता, पण गाडीच्या नुकसानीचा भाग संपलेला होता. तो मी नवा काढला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पैसे सगळे बँकेतून दिले. मालकाच्या आईने गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मला विचारलं, "बाई, तुमी सोता चालवनार व्हय? मग दमानं जावा."

हेल्मेट मी गाडीच्या आधी घेतलं होतं. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजला, ५४ सेंटिमीटर. दुकानदार मोठं देत होता, "थोडं सैल असलं तरी सवय होईल" असं म्हणत. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही. गालाला दाब येईल असं, आयएसआयचं घेतलं. जून २०२१ पासून आयएसआयविना हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती अजून टांगलेली दिसतात.

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या वेळी मी नापास झाले. आठच्या आकड्यात दुसऱ्या वळणावर पाय टेकला. चूक माझीच होती, नजर पुढच्या चाकावर ठेवली होती. आठवड्याने पुन्हा गेले, नजर वळणाच्या शेवटावर ठेवली, अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब. या वेळी पाय टेकला नाही.

एकटीने शाळेला पहिल्यांदा गेले ते शनिवारी, सकाळची शाळा होती म्हणून. कण्हेर धरणाच्या बाजूला पाण्यावर धुकं होतं. केळघरनंतर तिसऱ्यात, वळणांवर दुसऱ्यात. मुरमाच्या चार किलोमीटरांत मी ब्रेक जवळजवळ वापरलाच नाही, गिअरवरच गाडी सांभाळली. वर पोचले तर चौथीची मुलं कठड्यावर चढून वाट बघत होती. एकाने विचारलं, "बाई, ही तुमच्या अप्पांची गाडी का?" मी म्हटलं, "नाही रे, माझी."

पहिल्या पावसाळ्यात दोनदा पडली, दोन्ही वेळा थांबताना, चिखलात. दोन्ही वेळा मीच उचलली. पुढचा ड्रम ब्रेक दर पंधरा दिवसांनी घट्ट करून घ्यावा लागतो, ओल्या दिवसांत दर आठवड्याला. तो नट आता मीच फिरवते, मूठ अर्धी दाबल्यावर ब्रेक लागला पाहिजे इतपत. गाडी आता ३१ हजार किलोमीटरवर आहे. मागच्या टायरची नक्षी मधल्या भागात झिजली आहे आणि पुन्हा जून तोंडावर आहे. येत्या रविवारी अप्पा येणार आहेत, टायर बदलायला. नक्षी किती खोल घ्यायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात खोल, मुरमासाठी. मी म्हणते मध्यम, कारण मुरमाचे ते चार किलोमीटर सोडले तर बाकी सगळं डांबर आहे, आणि पावसाळ्यात घसरायला होतं ते तिथेच.